गृहीत होकार

टेकू न्यायला आलेला ट्रक फाटकाशी उभा राहिला, तेव्हा कल्याणी सुरवसे छज्ज्याखाली उभी राहून वर बघत होती.

सोलापुरात एका संस्थेसाठी बांधलं जाणारं ते बायका-मुलांचं रुग्णालय होतं. दारात रुग्णवाहिका थांबली तर आतल्या माणसाला ऊन-पाऊस लागू नये म्हणून इमारतीतून बाहेर झेपावलेला हा भला रुंद छज्जा काढला होता. एका अंगाला इमारतीने त्याला घट्ट धरलं होतं, दुसऱ्या अंगाला काहीच आधार नव्हता. सध्या मात्र त्याच्याखाली लोखंडी टेकूंचं रान उभं होतं. ते कधी काढायचे हे कल्याणीने ठरवायचं होतं. ती या कामाची प्रकल्प व्यवस्थापक होती, आणि तिच्या परवानगीशिवाय एकही टेकू हलवायचा नाही असा कंपनीचाच नियम होता.

तिने परवानगी दिलेली नव्हती.

ट्रकमधून अंबादास गुंडेटी उतरला. सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू उभारणारा ठेकेदार, साठीकडे झुकलेला, पान खाऊन लाल झालेले दात. मागे त्याची सात-आठ माणसं हातोडे घेऊन उतरली.

"अंबादासमामा, आज इकडे कसे?" कल्याणीने विचारलं.

"कसे म्हणजे? टेकू न्यायला. धाराशिवला परवा स्लॅब पडणार आहे, तिथं लागतात हे."

बांधकामावर स्लॅब 'पडतो' म्हणजे त्याचं काँक्रीट ओतलं जातं. इतकी वर्षं हा शब्द तिच्या कानांवरून नुसता जात होता. आज तो उगाच टोचला.

"पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

अंबादास गोंधळला. "मला तर तारीख पंधरा दिवसांमागंच आली मॅडम. मंगळवार सकाळ. गाडी पण कंपनीनंच ठरवली."

पंधरा दिवसांपूर्वी छज्ज्याचं काँक्रीट जेमतेम आठवड्याचं होतं. तेव्हा त्याची ताकद किती होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. मग तिची परवानगी मंगळवारी मिळेल, हे कुणाला कसं ठाऊक होतं?

"माणसांना चहा घ्यायला सांगा," ती म्हणाली. "कशालाच हात लावू नका."

*

कंपनीने दोन वर्षांपूर्वी 'अदमास' ही प्रणाली आणली, तेव्हा कल्याणी तिची कट्टर समर्थक होती.

इमारत बांधणं म्हणजे एकमेकांना बांधलेल्या कामांची साखळी. पाया झाल्याशिवाय खांब नाहीत, खांबांशिवाय स्लॅब नाही, आणि स्लॅबखालचे टेकू निघाल्याशिवाय तिथे प्लास्टर नाही. काही कामं चार दिवस लांबली तरी बिघडत नाही, त्यांना सवड असते. काहींना अजिबात नसते. ती एक दिवस लांबली की सगळी इमारत एक दिवस लांबते. वेळापत्रक आखणाऱ्याचं सगळं कसब सवड कुठे आहे आणि कुठे नाही हे ओळखण्यात असतं. आणि ते बहुतेक वेळा चुकतं, कारण कुठलं काम किती दिवसांचं हे माणसांना विचारावं लागतं. माणसं सांगतात ते त्यांना वाटतं म्हणून, समोरच्याला ऐकायचं असतं म्हणून, किंवा भीतीने.

अदमासने विचारणंच बंद केलं. माणूस काय म्हणतो ते सोडून तो काय करतो याच्यावर तिचं लक्ष असे. फाटकावरच्या नोंदी, गाड्यांची ठिकाणं, कॅमेरे, निरोप, कंपनीच्या फोनवरची सगळी बोलणी. वायरिंगचा ठेकेदार 'उद्या' म्हणतो तेव्हा तो कधी येतो, पावसात कुठला मुकादम काम सोडतो, दडपण आलं की कोण काय करतं. या सगळ्यातून ती प्रत्येक माणसाची वागणूक शिके आणि रोज पहाटे पुढच्या कित्येक महिन्यांचं काम हजारो वेळा आपल्या आत बांधून बघे. मग दिवसाची आखणी सगळ्यांच्या फोनवर येई, आणि ती खरी ठरे. कंपनीची कामं वेळेवर संपू लागली, तशी कामंही वाढली.

बदल हळूहळू झाला. साइट इंजिनिअर इरफान मणेर हा तिशीच्या आतला, कामाला वाघ असलेला मुलगा. तो 'चार दिवस' म्हणाला की अदमास सहा धरते, हे त्याला कळलं. मग तो तीन म्हणू लागला. अदमासने तेही ओळखलं. शेवटी तो तोंडाला येईल तो आकडा सांगायला लागला. "काय फरक पडतो मॅडम? ती आपलंच धरते." हळूहळू सगळेच तसे झाले. साइटवर कुणी शब्द देईना आणि कुणी मागेना.

घरी हे आणण्याचं काही कारण नव्हतं, पण आलं. कल्याणीचा नवरा निरंजन सौरपंपांच्या दुरुस्तीसाठी तालुक्यांतून हिंडायचा. तो 'सातला येतो' म्हणाला की ती मनात साडेआठ धरायची, आणि एकदा तसं बोलूनही गेली. तो हसला होता. पुन्हा बोलली तेव्हा हसला नाही. त्यानंतर तो कधी येणार हे सांगायचाच बंद झाला. विचारलं तर म्हणे, "तुझा हिशेब तू कर."

*

ट्रक येऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात पुण्याहून विश्राम टिपणीसांचा फोन आला. ते प्रकल्प संचालक. कल्याणीला कंपनीत त्यांनीच घेतलं होतं, आणि आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

"कल्याणी, ट्रक पोचला ना? काही अडचण?"

"एकदा बघून घेते सर. मग कळवते."

"बघ, बघ. घाई नाही," ते म्हणाले. म्हणजे घाई होती.

अदमासच्या हिशेबाने छज्ज्याची ताकद पुरेशी होती. हा हिशेब कुठून येतो हे कल्याणीला नीट माहीत होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी क्रिया होऊन ते आतून बांधलं जातं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. म्हणून ओततानाच त्यात बोटाएवढे तापमापक पुरून ठेवतात. काँक्रीट किती काळ किती गरम होतं यावरून ते किती बांधलं गेलं याचा अंदाज येतो. मात्र पाणी पुरेसं मिळत असेल तरच. पाणी तुटलं की आतली क्रिया मंदावते आणि हळूहळू थांबते. तापमापकाला ते कळत नाही. त्याला फक्त गरम कळतं. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये, दुपारी काम बंद ठेवण्याचा कायदा ज्या उन्हामुळे करावा लागला त्या उन्हात, मेलेला दगडसुद्धा गरम असतो.

ती शिडीने छज्ज्यावर चढली. गोणपाटं ओली होती, पाणी धरायला केलेल्या आळ्यांत पाणी होतं. पण बाहेरच्या कडेला एक गोणपाट उचललं तर खाली काँक्रीट पांढरट पडलेलं. त्यावर नख ओढलं तर नखात भुकटी आली.

तिने इरफानला वर बोलावलं.

"पाणी रोज मारलं?"

"नोंद आहे ना मॅडम. रोजची."

"नोंद मी पाहिली. तुला विचारतेय."

इरफान खाली फाटकाकडे बघू लागला. अंबादासची माणसं ट्रकच्या सावलीत बसून चहा पीत होती.

"इरफान, ती माणसं आता खाली जाऊन टेकू काढणार. काढताना ती छज्ज्याखालीच असणार."

तो गोणपाटाचं टोक चाळवत म्हणाला, "सुरुवातीचा आठवडा टँकर जवळजवळ आलाच नाही. एक आला तो निम्मा आला, तो भिंतीकडच्या बाजूला पुरला. बाहेरच्या कडेला काहीच नाही. मी 'झालं' म्हणून टाकलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? 'नाही' टाकलं की माझ्या नावापुढे उशीर चढतो. माझा करार जूनमध्ये संपतो. आणि खरं सांगू? मला वाटलं, मी काय टाकतो याला किंमतच नाही. ती स्वतःचंच बघते."

पण पाण्याच्या बाबतीत अदमासकडे दुसरं काही बघायला नव्हतं. सगळीकडे कॅमेरे होते, फक्त छज्ज्याच्या माथ्यावर नव्हता. तेवढ्या एका जागी तिने माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

कल्याणीला राग यायला हवा होता. तिला भीतीच वाटली. छज्ज्यावर ते दोघं उभे होते.

"खाली चल," ती म्हणाली. "हळू."

*

टिपणीसांचा दुसरा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तापमापक पुरेसं म्हणताहेत ना पण?"

"ते उन्हाचं गरम मोजताहेत सर. मला छज्ज्यातून नमुना कापून तो दाबून बघायचाय. उद्यापर्यंत कळेल."

"तो कापायचा तर काप. पण टेकू? धाराशिवला परवा सकाळी स्लॅब आहे. तिथलं काम बघणाऱ्या उदयचा सगळा खोळंबा होईल. थोडा विचार कर. मी परत करतो फोन."

फोन ठेवल्यावर कल्याणीच्या लक्षात आलं की तिचं मन मार्ग काढायला लागलं आहे. भिंतीकडचे टेकू सोडून देऊ. कडेचे थोडे ठेवू. पण असल्या छज्ज्याचे टेकू बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचे असतात. आतले आधी काढले तर सगळा भार उलटा पडतो. तरीही ती वाट शोधत होती. आपण हो म्हणायची तयारी करतोय हे तिला अगदी स्पष्ट दिसलं आणि थांबवता येईना.

तिसरा फोन आला.

"काय ठरलं?"

"सर, मला नाही वाटत..."

"कल्याणी," टिपणीस मायेने म्हणाले, "मी तुला एक सांगू? इतरांना मी हे सांगत नाही. अदमासने तुझी परवानगी धरूनच ही सगळी आखणी केली आहे. पंधरा दिवसांपूर्वीच. तू आधी शंका काढतेस, मग तपासतेस, आणि तिसऱ्या बोलण्यात तयार होतेस. दर वेळी. त्यात वाईट काही नाही. उलट म्हणूनच तू भरवशाची आहेस. मी फक्त आठवण करतोय."

तिला याआधीच्या परवानग्या एकेक करून आठवल्या. पायाची, तळघराच्या भिंतीची, दुसऱ्या मजल्याची. दर वेळी आपण तपासून, विचार करून निर्णय घेतला असं तिला वाटलं होतं. तपासून झाल्यावर खरोखरच सगळं ठीक निघालंही होतं. की ठीक निघालं हे नशीब होतं?

"सर, मग आज ती चुकली," कल्याणी म्हणाली. "मी परवानगी देत नाही."

टिपणीस म्हणाले, "ठीक आहे. तुझा अधिकार आहे. उदयला मी सांगतो काय ते बघायला."

ती अंबादासकडे गेली. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

"मॅडम, खरं सांगा. काढले तर पडेल?"

"मला माहीत नाही मामा."

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही. कदाचित काही होणार नाही."

अंबादासने वर छज्ज्याकडे बघितलं, मग आपल्या माणसांकडे. "मला आजवर कुणी इंजिनिअर माहीत नाही म्हणाला नव्हता," तो म्हणाला आणि रिकामा ट्रक घेऊन गेला.

*

छज्ज्याच्या तीन ठिकाणांहून काँक्रीटचे दंडगोल कापून काढले. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ते यंत्रात दाबले, तेव्हा कल्याणी आणि इरफान दोघंही समोर उभे होते. भिंतीजवळचा नमुना चांगला निघाला. मधला कसाबसा. कडेचा, जेवढा भार पेलायला हवा होता त्याच्या निम्म्यावरच चुरला. इरफानने डोळे मिटून घेतले. घरी जाताना तो तिला इतकंच म्हणाला, "अंबादासमामांची ती माणसं मला रोज सलाम करतात मॅडम."

निकाल पुण्याला कळवला. टिपणीसांचं उत्तर आलं: 'योग्य केलंस. टेकू राहू देत.' इतकंच. कल्याणीने बुधवारी दुपारी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग तिला धाराशिव आठवलं. तिच्या नकाराने तिथलं काम किती लांबलं हे बघावं म्हणून तिने अदमासला विचारलं. टेकू सोलापूरलाच राहिले तर धाराशिवच्या वेळापत्रकावर काय परिणाम?

उत्तर लगेच आलं. 'परिणाम: नाही.'

तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर.

हे शक्य नव्हतं. धाराशिवला बाजार समितीचं सभागृह होतं, छत दुमजली उंचीवर. त्यासाठी लागणारे निम्मे टेकू सोलापूरच्या छज्ज्याखालचे होते, आणि तेवढे उंच टेकू कंपनीकडे आणखी कुठे नव्हते. ते पोचले नाहीत तर स्लॅब लांबायलाच हवा. लांबत नसेल तर एकच अर्थ होता. आहेत तेवढेच टेकू लांब लांब उभे करून उद्या सकाळी स्लॅब ओतला जाणार होता. ओतताना काँक्रीट म्हणजे चिखल असतो. स्वतःला तोलण्याची ताकद त्यात नसते, फक्त वजन असतं. आणि वर वीस-पंचवीस माणसं.

अदमासने असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. टिपणीसांनीही सांगितलं नसणार. कुणीच कुणाला काही चुकीचं करायला सांगत नव्हतं. उदय लोमटे काय करेल एवढंच अदमासला माहीत होतं.

उदय आणि ती एकाच वर्षी कंपनीत लागले होते. त्याने फोन लगेच उचलला.

"उदय, टेकू आले नाहीत तुझे."

"कळलं. टिपणीस सरांनी सांगितलं. तुझ्याकडचा निकालही कळला. बरं झालं थांबवलंस."

"मग उद्याचं?"

"उद्याचं रद्द. एवढ्या टेकूंवर मी स्लॅब टाकेन होय?"

"नक्की?"

"अगं शब्द देतो. मिक्सर नको म्हणून कळवतोय आता."

फोन ठेवल्यावर तिने अदमासला परत विचारलं. बोलणं कंपनीच्या फोनवरच झालं होतं, म्हणजे अदमासनेही ते ऐकलं होतं.

'परिणाम: नाही.'

*

"प्रश्न काय आहे नेमका?" निरंजनने विचारलं. ताट पुढे होतं, पण ती जेवत नव्हती.

"उदय शब्द देतोय. यंत्र म्हणतंय तो ओतणार."

"तुझ्याबद्दलही यंत्र म्हणत होतं."

"म्हणूनच. ते माझ्याबाबतीत चुकलं, तर उदयच्याही बाबतीत चुकेल. मग मी तिथे जाऊन उभी राहिले तर त्याचा अर्थ काय होतो? की मी त्याच्या शब्दाला काडीची किंमत देत नाही."

"आणि नाही गेलीस तर?"

तिने ताट बाजूला सारलं. तिने उदयला परत दोनदा फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "अगं झोप आता." दुसऱ्यांदा फोन व्यस्त होता, आणि बराच वेळ व्यस्तच राहिला. कुणाशी बोलत असेल हे तिला विचारावं लागलं नाही.

निरंजन तिच्याकडे बघत होता. "गेलं वर्षभर तू माझंही ऐकत नाहीस," तो म्हणाला. चिडून नव्हे, नुसतं सांगावं तसं. "मी येतो म्हटलं की तुझ्या डोळ्यांत आकडा दिसतो. मला माहितीये मी उशिरा येतो. पण म्हणताना मला तसंच वाटत असतं, कल्याणी. मी फसवत नसतो."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही.

"पहाटे निघू," निरंजन म्हणाला. "गाडी मी चालवतो. तू उदयला फोन लावत राहा."

*

तुळजापूरचा घाट चढताना उजाडलं. रस्ता मोकळा होता, तरी कल्याणीला गाडी जागच्या जागी उभी आहे असं वाटत होतं. उदय फोन उचलत नव्हता.

साइटच्या फाटकाशी वळताच तिला मिक्सर दिसले. एकामागे एक तीन, त्यांची पोटं सावकाश फिरत होती. पंपाचा लांब हात वाकून छतावर गेला होता. वर माणसं हातात फावडी घेऊन उभी होती.

ती आधी सभागृहात शिरली. आत अंधार होता आणि वर फळ्यांचं छत. उंच टेकू इतके लांब लांब उभे होते की दोहोंच्या मधून गाडी काढता आली असती. ती बाहेर येऊन जिन्याने वर धावली.

उदय छताच्या कडेला, हातात फोन घेऊन उभा होता. रात्रभर जागलेला चेहरा. तिला पाहून तो दचकला नाही.

"मी शब्द दिला तेव्हा खोटं बोलत नव्हतो," तो म्हणाला.

"माहितीये."

"संध्याकाळी मिक्सर नको म्हणून कळवलंसुद्धा. मग सरांचा फोन आला. ते काही म्हणाले नाहीत गं. फक्त विचारलं, काय करता येईल ते बघशील का. मी बसून हिशेब मांडला. सावकाश ओतलं, एका बाजूने ओतलं, तर निभावेल असं वाटायला लागलं. रात्री परत मिक्सर मागवले. पहाटे वाटलं, नको. आता परत वाटतंय..." त्याने मान हलवली. "मला काय वाटतंय तेच मला कळत नाहीये."

पंपवाल्याने हाक मारली. "साहेब, चालू करू? माल घट्ट व्हायला लागेल."

उदय कल्याणीकडे बघत राहिला. तिने 'थांबव' म्हणावं म्हणून तो वाट पाहतोय हे तिला दिसलं. तिने म्हटलं असतं तर तो थांबलाही असता. पण इथे अधिकार त्याचा होता. ती निघून गेल्यावर, दुपारी किंवा उद्या, परत फोन आलाच असता.

"उदय, काल तू मला शब्द दिलास. मी यंत्राला परत विचारलं, ते वेगळं म्हणत होतं. म्हणून मी आले. चुकले असेन," ती म्हणाली. "आता मी खाली सभागृहात जाऊन उभी राहते. तू ठरव."

"वेडेपणा करू नकोस."

"मी तुझ्या शब्दावर जातेय."

ती जिना उतरली. निरंजन गाडीपाशी होता. तिने त्याला हाताने तिथेच थांब म्हणून खुणावलं आणि सभागृहाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

वरची पावलं फळ्यांतून ऐकू येत होती. पंपाचं इंजिन धडधडत होतं. त्याचा आवाज मध्येच चढला. तिने वर बघितलं. एका फळीच्या फटीतून उन्हाची रेघ येत होती आणि त्यात धूळ तरंगत होती. आपण शहाणपणा करतोय की मूर्खपणा हे तिला सांगता आलं नसतं. सोलापूरला छज्ज्यावर उभं असताना वाटली तीच भीती पुन्हा वाटत होती, फक्त या वेळी तिथे ती आपणहून आली होती. वर कुणाचा तरी फोन वाजला. वाजत राहिला. मग थांबला. कुणीतरी बोलत होतं, शब्द कळत नव्हते.

इंजिन बंद झालं.

काही वेळ कसलाच आवाज नव्हता. मग बाहेर मिक्सर मागे घेतानाचे भोंगे वाजायला लागले, एकामागून एक.

उदय जिना उतरून आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाहेर ये आधी."

ती बाहेर आली. त्याचे ओठ पांढरे पडले होते. निरंजनने गाडीतून पाण्याची बाटली आणून दिली, ती त्याने तोंडाला लावली तर निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"सरांना नाही म्हणालो," तो म्हणाला. "ते म्हणाले ठीक आहे. एवढंच म्हणाले. कल्याणी, तू खाली गेली नसतीस तर मी काय केलं असतं?"

"मला नको विचारूस."

"नाही, सांग ना."

"खरंच माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही."

मिक्सरवाला विचारत आला, माल कुठे टाकायचा. उदयने कुंपणामागचा खड्डा दाखवला. करडं काँक्रीट पन्हाळीतून खड्ड्यात घसरू लागलं. छतावरची माणसं कडेला येऊन गुपचूप बघत होती. आज काम आहे की नाही हे विचारायला मुकादम जवळ आला आणि दोघांचे चेहरे बघून परत फिरला.

कल्याणी कुंपणाच्या दगडावर बसली. तिचा फोन वाजला. कंपनीची सकाळची आखणी होती, रोजच्यासारखी, सगळ्या साइटची एकत्र. तिने ती सहज वर सरकवली, आणि तिचा अंगठा थांबला.

"उदय, आज आणखी कुठे कुठे स्लॅब आहे?"

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. परभणी. बीड. नगरला दोन. सगळ्यांपुढे वेळ लिहिलेली. उशीर कुठेच नाही.

"यातल्या किती जणांनी हो म्हटलं असेल," कल्याणी म्हणाली, "आणि किती जणांचं नुसतं धरलं असेल?"

उदय तिच्या शेजारी दगडावर बसला. त्याने आपला फोन काढला.

"परभणीला प्रमोद वाघमोडे आहे. माझ्या ओळखीचा आहे. बीड तू घे."

बीडला कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. नुसतं नाव होतं, शाहीन पठाण. तिने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पलीकडे मिक्सरची पोटं फिरत असतील, पंप धडधडत असेल. मग कुणीतरी फोन उचलला. मागे मशिनींचा गोंगाट ऐकू आला आणि त्यातून एका बाईचा घाईतला आवाज.

"बोला, लवकर बोला."

"मी सोलापूरहून कल्याणी सुरवसे," ती म्हणाली. "तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडे आत्ता जे चाललंय ते तुम्हाला स्वतःला पटलंय का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे ती बाई काही बोलली नाही. पण तिने फोनही ठेवला नाही.